विश्लेषण : रांग कुलपाची, तयारी आधीची! संगणकातील ‘लॉक’ आणि एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा वारसा

मोबाइलवर गाणे वाजत असते, त्याच वेळी फोटो उतरतो आणि संदेशही येऊन पडतो. ही कामे एकमेकांच्या पायात पाय न घालता चालतात, यामागे १९६०च्या दशकात मांडला गेलेला एक विचार आहे. तो मांडणारे नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्या निधनाला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मात्र जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमागील संगणकांपासून खिशातल्या फोनपर्यंत, जिथे एकाच मेमरीवर अनेक कामे चालतात तिथे त्यांचा प्रश्न आजही उभा असतो. कामांची आपसातील प्रतीक्षा कमी करण्यासाठी लागणारी माहिती आधीच जवळ आणून ठेवण्याची, म्हणजे ‘प्रीफेच’ची युक्ती वापरली जाते. ती कधी उपयोगी पडते, कधी अंगाशी येते. पण तिच्यामुळे उत्तर चुकत नाही. असे का, हे डाइक्स्ट्रा यांच्या कामातून समजते.

डाइक्स्ट्रा कोण होते?

एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅममध्ये झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ आणि शिक्षक, तर आई गणिताची जाणकार. कायद्याचे शिक्षण घेऊन संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे त्यांना शाळेत असताना वाटत असे. प्रत्यक्षात ते लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ मध्ये केंब्रिज येथे प्रोग्रामिंगचा एक अल्पकालीन अभ्यासक्रम त्यांनी केला आणि आयुष्याची दिशा बदलली. १९५२ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. त्या काळी नेदरलँड्समध्ये असा व्यवसाय कोणी ऐकलाही नव्हता. १९५७ मध्ये मारिया डेबेट्स यांच्याशी विवाह झाला तेव्हा नोंदणी कार्यालयाने व्यवसायाच्या रकान्यात ‘प्रोग्रामर’ लिहून घेण्यास नकार दिला. अखेर तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली.

सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेले त्यांचे काम म्हणजे दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची पद्धत. १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधील एका कॅफेत होणाऱ्या पत्नीसोबत कॉफी घेताना, कागद-पेन्सिल न घेता, सुमारे २० मिनिटांत ती त्यांना सुचली. १९५९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नकाशावर रस्ता दाखवणाऱ्या अनेक प्रणालींच्या मुळाशी हीच कल्पना आहे. मात्र ऑपरेटिंग सिस्टीमच्या जगात त्यांचे नाव घेतले जाते ते वेगळ्या कारणाने.

‘एकाच वेळी’चा प्रश्न कसा पुढे आला?

सुरुवातीचे संगणक एका वेळी एकच काम करत. छपाई यंत्र सावकाश छापत असेल, तर संगणक तेवढा वेळ नुसता थांबून राही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस डच बनावटीच्या एक्स-१ या संगणकात एक नवी सोय आली. एखाद्या उपकरणाचे काम संपले की ते चालू कामात व्यत्यय आणून लक्ष वेधून घेऊ शके. यंत्राचा वेळ वाचणार होता, पण व्यत्यय नेमका कधी येईल हे कोणालाच सांगता येणार नव्हते. एकदा झालेली चूक तशीच पुन्हा घडवून तपासणेही अशक्य होणार होते. म्हणूनच डाइक्स्ट्रा या सोयीबाबत आधी साशंक होते. नंतर मात्र त्यांनीच त्यासाठीचा प्रोग्राम लिहिला आणि १९५९ मध्ये त्याच विषयावर डॉक्टरेट मिळवली.

या अनुभवातून त्यांनी एक धडा घेतला. कामे एकाच वेळी चालणार असतील, तर कोणते काम किती वेगाने पुढे जाईल यावर विसंबून प्रोग्राम लिहायचा नाही. वेग कोणताही असो, उत्तर बरोबरच आले पाहिजे.

लॉक म्हणजे काय?

समजा, मंचरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्या एकाच वजनकाट्यावर येत आहेत. काट्यावर एका वेळी एकच गाडी उभी राहू शकते. दोन गाड्यांची चाके एकदम काट्यावर चढली, तर आकडा येईल, पण तो कोणाचाच नसेल. संगणकाच्या मेमरीतही हेच होते. बँक खात्यातील शिल्लक १,००० रुपये असताना दोन कामांनी ती एकाच वेळी वाचली, दोघांनी आपापले १०० रुपये मिळवले आणि दोघांनी १,१०० असे लिहून टाकले, तर १०० रुपये कुठे गेले हे शोधूनही सापडणार नाही. म्हणून अशा सामायिक माहितीवर काम करण्यापूर्वी ‘लॉक’ घ्यावा लागतो आणि काम झाले की सोडावा लागतो. लॉक हातात असताना चालणाऱ्या कामाला ‘क्रिटिकल सेक्शन’ म्हणतात. हा आपला वजनकाटा.

डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये एका छोट्या शोधनिबंधात हा प्रश्न काटेकोरपणे मांडला आणि सोडवलाही. दोन कामांसाठीचे उत्तर डच गणिती डेकर यांनी आधी शोधले होते. डाइक्स्ट्रा यांनी ते कितीही कामांसाठी लागू पडेल असे केले. त्यांच्या अटी कडक होत्या. एका वेळी एकच जण आत हवा. कोणाला कायमचा अग्रहक्क नको. बाहेर थांबलेल्या एखाद्यामुळे इतरांचा खोळंबा नको. ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत सगळेच दारात अडकून राहता कामा नयेत. आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे कोणाच्याही वेगाबद्दल काहीही गृहीत धरायचे नाही.

सेमाफोरने काय साधले?

१९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोवन येथील तंत्रज्ञान विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह ‘टीएचई’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम उभारली. याच काळात त्यांनी ‘सेमाफोर’ ही कल्पना आणली. शब्द रेल्वेतला. सिग्नलचा हात पडला की गाडी पुढे जाते, नाहीतर थांबते. संगणकातील सेमाफोरही तसाच असतो. जागा मोकळी असेल तर काम पुढे जाते; नसेल तर ते झोपी जाते आणि पाळी आली की त्याला उठवले जाते. दोन कामे एकमेकांच्या हातातील वस्तूची वाट पाहत कायमची अडकतात, त्या कोंडीचा आणि ती टाळण्याच्या उपायांचाही त्यांनी याच काळात अभ्यास केला.

टीएचई ज्या एक्स-८ संगणकावर चालत असे, त्याच्या मुख्य मेमरीचे एक आवर्तन २.५ मायक्रोसेकंदांचे होते. जास्तीची माहिती फिरत्या ड्रमवर ठेवलेली असे आणि ड्रमच्या एका फेरीला ४० मिलिसेकंद लागत. म्हणजे ड्रम एकदा फिरेपर्यंत मुख्य मेमरीची १६,००० आवर्तने होत. एवढा वेळ फुकट घालवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे एखाद्या कामाला ड्रमवरची माहिती हवी असेल, तर त्याला बाजूला ठेवून प्रोसेसर दुसऱ्या कामाला दिला जाई. वाट पाहणे चुकत नव्हते, पण त्या वेळात दुसऱ्याचे काम उरकले जात होते. १९६८ मध्ये या प्रणालीवरील त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एकावर एक थर रचत, प्रत्येक थर तपासूनच पुढे जाणारी तिची रचना पुढील पिढ्यांसाठी वस्तुपाठ ठरली. १९७२ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग आज रांग का लागते?

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला ‘कर्नेल’ म्हणतात. मेमरी वाटणे, फायली सांभाळणे, नेटवर्कवरून आलेली माहिती योग्य ठिकाणी पोहोचवणे ही कामे तो करतो. पूर्वी प्रोसेसर एकच असे. आज साध्या फोनमध्येही आठ कोअर असतात आणि सर्व्हरमध्ये शंभराहून अधिक असू शकतात. हे सगळे कोअर एकाच कर्नेलच्या दारात येतात. एकाच लॉकसाठी अनेक कोअर ताटकळले की त्याला ‘लॉक कंटेन्शन’ म्हणतात.

काट्याचे उदाहरण पुढे नेऊ. गाडी काट्यावर चढली आणि मग चालक पावती शोधू लागला. आधी खिशात, मग डॅशबोर्डवर, शेवटी सीटखाली. वजनाला दहा सेकंद लागतात, पण शोधाशोधीत दोन मिनिटे जातात आणि मागची रांग मात्र रस्त्यापर्यंत पोहोचते. संगणकात ही पावती म्हणजे दूरच्या मेमरीतील माहिती. प्रोसेसरच्या अगदी जवळ ‘कॅश मेमरी’ नावाची छोटी, वेगवान मेमरी असते. तिथे माहिती सापडली तर चार-पाच आवर्तनांत मिळते. तिथे नसेल आणि मुख्य मेमरीतून आणावी लागली, तर सुमारे १०० नॅनोसेकंद लागू शकतात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी हा ३०० आवर्तनांचा काळ आहे. हा खोळंबा लॉक हातात असताना झाला, तर एकट्याचा उशीर सगळ्या रांगेचा उशीर होतो.

इथे टीएचईचा उपाय चालत नाही. एक काम बाजूला ठेवून दुसरे सुरू करायलाच १०० नॅनोसेकंदांहून जास्त वेळ जातो. म्हणून कर्नेलमधील अनेक लॉक ‘स्पिनलॉक’ प्रकारचे असतात. वाट पाहणारा कोअर झोपत नाही, तर ‘सुटला का, सुटला का’ असे पाहत जागच्या जागी थांबतो. त्यामुळे लॉक जितका कमी वेळ हातात राहील तितके बरे.

प्रीफेच नेमके काय करते?

रांगेत उभे असतानाच पावती काढून हातात धरावी, इतकी ही साधी कल्पना आहे. लॉक घेण्यापूर्वी प्रोसेसरला सूचना दिली जाते की अमुक पत्त्यावरची माहिती लवकरच लागणार आहे, ती कॅशमध्ये आणून ठेव. प्रोसेसर ती मागवतो आणि तोवर हातातले काम सुरू ठेवतो. लॉक मिळेपर्यंत माहिती येऊन पडलेली असेल, तर क्रिटिकल सेक्शन आखूड होतो आणि मागच्यांची पाळी लवकर येते.

ही सूचना केवळ विनंती असते, हुकूम नसतो. प्रोसेसर ती पाळेल किंवा सोडून देईल. पत्ता चुकीचा असला तरी प्रोग्राम बंद पडत नाही. आणलेली माहिती मधल्या काळात दुसऱ्या कोअरने बदलली, तर आपल्या कॅशमधली जुनी प्रत रद्द होते आणि लॉक मिळाल्यावर नवीनच वाचली जाते. म्हणजे प्रीफेचने वेळ बदलतो, उत्तर बदलत नाही.

इथेच डाइक्स्ट्रा यांच्या अटीचे महत्त्व कळते. उत्तर बरोबर असणे कोणाच्याही वेगावर अवलंबून ठेवायचे नाही, हे त्यांनी १९६५ मध्येच ठरवून दिले होते. त्या शिस्तीने लिहिलेल्या कर्नेलमध्ये नंतर आलेला अभियंता वेगासाठी प्रीफेच घालून पाहू शकतो आणि नको वाटले तर काढू शकतो. कुलपाची हमी तशीच राहते.

मग सगळीकडेच प्रीफेच का वापरत नाहीत?

कारण ते फुकट मिळत नाही. खूप लवकर मागवलेली माहिती वापरण्याआधीच कॅशमधून बाहेर ढकलली जाऊ शकते. खूप उशिरा मागवली तर ती वेळेत पोहोचत नाही. तिसरा धोका जास्त गंभीर आहे. माहिती वाचण्यासाठी नव्हे, तर लिहिण्यासाठी म्हणून मागवली, तर ती दुसऱ्या कोअरच्या कॅशमधून काढून घेतली जाते. तो दुसरा कोअर लॉक घेऊन त्याच माहितीवर काम करत असेल, तर हे म्हणजे वजन लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातातली वही रांगेतल्याने ओढून घेण्यासारखे आहे. घाई एकाने केली, पण थांबले सगळेच.

म्हणूनच जाणकार आधी रांगेचे मूळ शोधतात. लिनक्समध्ये १९९६च्या २.० आवृत्तीपासून संपूर्ण कर्नेलसाठी एकच मोठा लॉक होता. तो फोडून लहान लहान लॉक करण्याचे काम वर्षानुवर्षे चालले आणि २०११ मध्ये तो पूर्णपणे काढला गेला. एका काट्याऐवजी अनेक काटे बसवण्याचाच हा प्रकार. त्यानंतरही एखाद्या काट्यावर गर्दी उरली, तर प्रीफेचचा विचार होतो.

लिनक्सचा अनुभव काय सांगतो?

२०११ मध्येच लिनक्समधून एक जुने प्रीफेच हटवण्यात आले. मेमरीतील याद्या एकेक करून वाचताना पुढची नोंद आधीच मागवण्याची ही सोय होती. अनेक याद्या अगदी छोट्या असतात, आधुनिक प्रोसेसर पुढचा अंदाज स्वतःच बांधतात आणि यादी संपल्यावरही रिकाम्या पत्त्यासाठी मागणी जात राहते, असे आढळले. मदत म्हणून ठेवलेली गोष्ट ओझे झाली होती.

लॉकशी थेट संबंध असलेले उदाहरण २०१८ मधील ४.१७ आवृत्तीचे आहे. वापरून झालेली मेमरीची पाने सामायिक साठ्यात परत करताना, शेजारचे जोडीदार पानही मोकळे आहे का हे कर्नेल पाहतो. असेल तर दोन्ही जोडून मोठा तुकडा करतो. हे काम साठ्याच्या लॉकखाली चालते आणि जोडीदार पानाची नोंद बऱ्याचदा कॅशमध्ये नसते. म्हणून लॉक घेण्यापूर्वीच ती नोंद मागवून ठेवण्याचा बदल करण्यात आला.

पुढील चार वर्षांत आजूबाजूच्या कोडची रचना बदलली. पाने निवडण्याचे कामच लॉकच्या आत गेले. आता प्रीफेचही आतच होऊ लागले आणि मागवलेली नोंद वापरापूर्वी येऊन पोहोचेल याची खात्री उरली नाही. जोडीदार कोणता, हा हिशेब मात्र दोनदा करावा लागत होता. त्यामुळे २०२२ मध्ये ५.१८ आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले. २०१८ मध्ये घालताना वा २०२२ मध्ये काढताना लॉकच्या नियमाला धक्का लागला नाही. बदलला तो फक्त वेळेचा हिशेब.

खोडदशी याचा संबंध काय?

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी, तर उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या आहेत. सर्वांचे संकेत ऑप्टिकल फायबरने एकत्र येतात आणि प्रत्येक अँटेनाची इतर प्रत्येकीशी जोडी लावून तुलना केली जाते. ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात.

हे काम पूर्वी खास बनवलेल्या हार्डवेअरवर होत असे. पुढे बाजारात मिळणारे सुटे भाग वापरून ४८ लिनक्स संगणकांचा समूह उभारण्यात आला आणि २०१० मध्ये त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ३२ अँटेनांचे, प्रत्येकी दोन ध्रुवीकरणांचे, ३३ मेगाहर्ट्झ रुंदीचे संकेत या समूहाला जसे येतील तसे हाताळायचे होते. संकेत नीट टिपायचा, तर प्रत्येक वाहिनीवर सेकंदाला किमान ६.६ कोटी नमुने घ्यावे लागतात. ६४ वाहिन्यांचे मिळून ते ४२० कोटींच्या वर जातात. म्हणून अनेक थ्रेडमध्ये काम वाटणारे आणि कॅशचा काटकसरीने वापर करणारे कोड लिहिण्यावर तिथे भर देण्यात आला.

एकीकडे माहिती येत राहते, दुसरीकडे हिशेब करणारे थ्रेड ती उचलत राहतात. एक भरतो, दुसरा रिकामे करतो, मधली जागा मर्यादित असते. डाइक्स्ट्रा यांनी सेमाफोर वापरून उलगडून दाखवलेल्या प्रश्नांपैकी हा एक. फरक इतकाच, की बाजारातली गाडी तासभर थांबू शकते, आकाशातून येणारा संकेत थांबत नाही. हिशेब मागे पडला आणि जागा भरली, तर ते निरीक्षण गेले. अशा ठिकाणी बरोबर उत्तर पुरेसे नसते, ते वेळेत यावे लागते. बरोबर असण्याची शिस्त लॉक देतो. वेळेचा हिशेब कॅश, प्रीफेच आणि कामाची वाटणी यांतून जमवावा लागतो.

डाइक्स्ट्रा यांची अखेरची वर्षे

१९७३ पासून डाइक्स्ट्रा बरोज या संगणक कंपनीचे संशोधक म्हणून नुएनेन येथील घरूनच काम करू लागले. १९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त झाले. फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरात टिपणे लिहायची आणि त्यांच्या प्रती सहकाऱ्यांना पाठवायच्या, हा त्यांचा शिरस्ता होता. आपल्या आद्याक्षरांनी क्रमांक दिलेली अशी १,३०० हून अधिक टिपणे त्यांनी मागे ठेवली. प्रोग्राम आधी चालवून पाहायचा आणि मग दुरुस्त करायचा, ही रीत त्यांना मान्य नव्हती. तो बरोबर का आहे, हे लिहितानाच सिद्ध झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. अनेकांना हा आग्रह अव्यवहार्य वाटला, काहींना त्यांचा स्वभाव तिखट वाटला.

वेगाच्या बाबतीत मात्र सिद्धतेने भागत नाही, तिथे मोजूनच पाहावे लागते. २०१८ मध्ये फायद्याचे ठरलेले प्रीफेच २०२२ मध्ये नकोसे झाले, ते असेच. पण मोजून पाहण्याची, चुकण्याची आणि मागे फिरण्याची ही मोकळीक मिळते, ती खालचा पाया वेगावर टेकलेला नसल्यामुळे.

६ ऑगस्ट २००२ रोजी नुएनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अनेक संगणकांनी मिळून काम करण्याच्या शास्त्रातील प्रभावी शोधनिबंधाला दरवर्षी दिला जाणारा पुरस्कार २००३ पासून डाइक्स्ट्रा यांच्या नावाने ओळखला जातो.